बारकीच्या खोलीतली बाग

९ ऑक्टोबर

आजपासून पुन्हा लिहायचं ठरवलं आहे. कॉन्व्हेंटच्या शाळेत संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सिस्टर आमच्याकडून रोज चार ओळी लिहून घ्यायच्या आणि वही न वाचता परत द्यायच्या. त्या खरंच वाचत नसत का, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. आता वाचणारं कुणी नाही. त्यामुळे खरं लिहायला हरकत नाही.

खरं म्हणजे असं, की हे गेले त्यानंतर वर्षभर मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. शेवटी बारकी आली, माझी बॅग तिनंच भरली आणि मला आपल्या घरी घेऊन आली. बारकी माझी धाकटी बहीण. जन्मभर मुलींच्या शाळेत गणित शिकवलं. लग्नाच्या भानगडीत पडली नाही. चौथ्या मजल्यावरचं हे घर तिचं स्वतःचं आहे, आणि त्यातली ऊन येणारी एकच खोली आहे, तीही तिचीच.

आज सकाळी चहा पिताना म्हणाली, "ताई, तुझे हात असे मांडीवर पडलेले मला बघवत नाहीत. काहीतरी कर. वीण, शीव, भांड."

मी सहज म्हटलं, "शाळेतल्यासारखी बाग असती तर केली असती."

झालं. तिनं लगेच भाचीला फोन लावला, गाडी घेऊन ये म्हणून.

१० ऑक्टोबर

तीन झाडं आणली. लिंबू, अंजीर आणि डाळिंब. तिन्ही कलमी, बुटक्या जातीची. नर्सरीवाल्यानं समजावून सांगितलं, की खालचा खुंट ठेंगण्या झाडाचा असतो, त्यामुळे वरचं झाड कंबरेच्या वर जात नाही, पण फळ मात्र पूर्ण आकाराचं देतं. लिंबाच्या खोडावर जोडाची गाठ दिसते. जुनं हाड सांधल्यासारखी.

"घरात जगतील का?" मी विचारलं.

"जगतील की. उजेड द्या, वारा द्या. आणि बाई, एक सांगतो, पाण्याला हात आवरा. माझ्याकडून गेलेली बहुतेक झाडं पाण्यानंच मेली आहेत."

भाची मागून म्हणाली, "मोठी आत्या हात आवरेल? लहानपणी हिच्याकडे राहायला आले की माझं वजन वाढायचं."

भाची आमच्या भावाची मुलगी. बँकेत असते. भाऊ-वहिनी गेल्यापासून आम्ही दोघीच तिच्या आणि तीच आमची.

१४ ऑक्टोबर

कुंड्या बारकीच्या खोलीत खिडकीशी मांडल्या. पलंग आतल्या भिंतीला सरकवावा लागला. आता तिच्या उशीपासून हात लांब केला तर अंजिराचं पान हाताला लागतं.

मी म्हटलं, "तुझं ऊन घेतलं गं मी."

"पलंगाला ऊन लागलं नाही म्हणून पलंग काही वाळत नाही," ती म्हणाली. "आणि झाडांच्या निमित्तानं तू माझ्या खोलीत येशील तरी. नाहीतर आपण एका घरातल्या दोन भाडेकरू झालोय."

झोपण्याआधी दुसऱ्या दिवशी काय करायचं याचा विचार किती दिवसांनी केला!

२ नोव्हेंबर

थंडी पडली. लिंबाची पानं गळायला लागली. पिवळी होऊन गळाली असती तर समजलं असतं, हिरवीच्या हिरवी गळतात. सकाळी फरशीवर पडलेली एकेक वेचून मोजते.

शाळेच्या बागेच्या सिस्टर आठवल्या. त्यांचे गुडघे कायम मातीचे असायचे. त्या म्हणायच्या, झाडाला दोन गोष्टी सहन होत नाहीत, उघडी माती आणि कोरडी हवा. म्हणून आज इमारतीच्या आवारातला पालापाचोळा दोन पोती भरून आणला आणि तिन्ही कुंड्यांवर जाड थर दिला. उरलेला झाकणाच्या बादलीत कुजायला ठेवला, तो खत म्हणून वापरता येईल. बादली पलंगाखाली राहते. तिथे ऊब असते.

खिडकीच्या फटी कापडाच्या पट्ट्यांनी बुजवल्या आणि वरून प्लॅस्टिक ताणून लावलं. आता वाऱ्याची झुळूकसुद्धा आत येत नाही. गार वाफ सोडणारं मशीनही मागवलं आहे.

बारकी म्हणाली, "म्हणजे आता मी जंगलात झोपायचं." पण हसत होती.

१८ नोव्हेंबर

आजचा दिवस जपून ठेवण्यासारखा. सकाळी लिंबाच्या कुंडीतला पाचोळा बोटानं बाजूला केला, तर खाली पांढरी जाळी! कापूस पिंजून पसरावा तशी. सिस्टर आम्हा मुलींना मोठ्या झाडाखाली बसवून असा पाचोळा उचलून दाखवायच्या. "पाहा, हे पांढरे धागे दिसले की समजायचं, जमीन जिवंत झाली." आम्ही नाकं मुरडायचो. त्या तो पाचोळा चेहऱ्याजवळ नेऊन डोळे मिटून वास घ्यायच्या.

मीही घेतला. तोच वास. क्षणभर मी दोन वेण्यांची झाले.

बारकीला उठवून दाखवलं. ती म्हणाली, "हे पावावर आलं तर तू पाव फेकतेस, आणि इथे ओवाळायला निघालीस?" तिला बागेचं काही कळत नाही. ती शाळेत कायम वर्गात बसून गणितं सोडवायची.

रोज सकाळी पाचोळा खालीवर करायचा असं ठरवलं आहे, म्हणजे जाळी सगळीकडे पसरेल. मशीन दिवसभर चालू असतं. पानगळ थांबली.

६ डिसेंबर

बारकीला खोकला. कोरडाच आहे. संध्याकाळी थोडी कणकण येते, सकाळी जाते. आले-मधाचा काढा देते आहे. वाफेचं मशीन तिच्या उशाशी आणलं, म्हणजे झाडांनाही मिळेल आणि तिलाही.

डाळिंबाला नवी पालवी फुटली. लालसर आहे, तान्ह्या बाळाच्या नखांसारखी.

२० डिसेंबर

खोकला हटत नाही म्हणून छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण आहेत, पण ऐकून घेतात. औषधं लिहून दिली. मग विचारलं, "घरात पक्षी पाळलेत? कबुतरं येतात? भिंतींना ओल, बुरशी?"

"नाही हो," मी म्हटलं. "भिंती कोरड्या ठणठणीत आहेत."

झाडांचं सांगावं असं मनात आलं होतं, की पाहा, आम्ही तर हवा शुद्ध करायला झाडं लावली आहेत. पण डॉक्टरांचा पुढचा पेशंट आत आला.

२ जानेवारी

लिंबाला कळ्या आल्या! बाहेरून पांढऱ्या, टोकाला जांभळट. खोलीभर वास दरवळतो आहे. घरात मधमाश्या नाहीत, म्हणून परागकण हातानं फिरवावे लागतात. माझा हात कापतो. बारकीनं आपला गालांना लाली लावायचा जुना ब्रश काढला आणि कुंडीवर वाकून एकेका फुलात फिरवत बसली.

"या वयात लग्नं जुळवायचं काम लागलं मला," ती म्हणाली. "माझं नाही जमलं, निदान लिंबाचं तरी जमू दे."

"तुला तीन स्थळं आली होती. तूच नावं ठेवलीस त्यांना."

"एकाला पाढे येत नव्हते, ताई."

दोघी इतक्या हसलो, की तिला ढास लागली आणि मग पलंगावर बसून राहावं लागलं. मी पाठ चोळली. पाठीची हाडं हाताला लागली. खोकल्यानं माणूस खंगतं म्हणतात ते खोटं नाही.

औषधांचा गुण येतोय असं मला वाटतं. निदान मन तरी रमतं तिचं. झाडं नसती तर आजारात कंटाळून गेली असती.

१९ जानेवारी

बारकी दोन दिवस झाले, हॉलमधल्या कोचावर झोपते. खोलीत उकडतं म्हणाली. या थंडीत! हॉलमध्ये तर गारठा आहे. मी रागावून परत खोलीत आणलं, दोन पांघरुणं घातली. ती मुकाट्यानं आडवी झाली. पूर्वी मी एक बोलले की ती दोन बोलायची.

फळ धरलं आहे. मोहरीएवढी हिरवी सात-आठ लिंबं.

२६ जानेवारी

भाची येऊन बारकीला आपल्या घरी घेऊन गेली. न विचारता म्हणावं तर विचारलं होतं, पण गाडी खाली चालू ठेवूनच.

"मोठी आत्या, तिला थोडी हवापालट होऊ दे. तूही चल."

"आणि झाडं?"

भाचीनं बारकीकडे बघितलं. बारकी चपला घालत होती. स्वयंपाकघरातून हॉलपर्यंत यायलाही तिला मध्ये टेकावं लागलं होतं.

मी राहिले. कुणीतरी राहायला हवं.

३ फेब्रुवारी

फोन आला. आवाज खणखणीत.

"ताई, मी आज भाचीबरोबर बाजारात जाऊन आले. चालत! ताप नाही, खोकला नाही. जिना चढले."

"छान," मी म्हटलं. मला आनंद झाला पाहिजे होता. झालाही. पण खरं लिहायचं ठरवलं आहे, तर लिहिते, आत कुठेतरी लागलं. म्हणजे माझ्या काढ्यानं, माझ्या सेवेनं, माझ्या बागेनं जे झालं नाही ते भाचीच्या रस्त्यालगतच्या धुळकट घरात आठवड्यात झालं. तिला माझ्यापासून लांब बरं वाटतं.

मग तिनं विचारलं, "ताई, त्या कुंड्यांवरचं पांढरं अजून आहे का गं?"

"आहे तर! बादलीतसुद्धा पसरलंय. झाकण उघडलं की धूर निघाल्यासारखं उडतं."

 मला वाटलं फोन कटला.

"आहेस ना?"

"आहे, आहे," ती म्हणाली. "एक गणित सोडवत होते."

तिचं काय, बोलता बोलतासुद्धा डोक्यात आकडे असतात.

८ फेब्रुवारी

काही नाही.

१२ फेब्रुवारी

गेले काही दिवस उठलेच नाही. घर फार शांत आहे. यांचा फोटो बारकीनं मुद्दाम कपाटात ठेवला होता, तो काढला आणि मग पुन्हा ठेवायचं बळ राहिलं नाही. दूधवाला बेल वाजवून गेला. भिंतीवर एक तडा आहे, तो नदीच्या नकाशासारखा दिसतो, मागच्या घरातल्या भिंतीवरही असाच होता.

दुपारी बारकीचा फोन.

"ताई, झाडांना पाणी घातलंस?"

"नाही."

"आज नाही?"

"कालही नाही."

"जेवलीस?"

मी भिंतीकडे कूस वळवली. मागे भाचीचा आवाज येत होता, "अजिबात नाही हं, धाकटी आत्या, अजिबात नाही." कशाबद्दल ते कळलं नाही.

बारकी म्हणाली, "मी उद्या येते. उठून तोंड धू. लिंबं सुकली तर तुझ्याशी बोलणार नाही."

१३ फेब्रुवारी

बारकी आली! झाडं तहानेनं माना टाकून होती, दोघींनी मिळून पाणी घातलं. लिंबं सगळी शाबूत आहेत. संध्याकाळपर्यंत पानं ताठ झाली. मीही आंघोळ केली, केस धुतले, गरम जेवण केलं. तिनं दोनदा वाढून घेतलं.

तोंडाला ओढणी बांधून खोलीत वावरते. "भाचीकडे सवय लागली, रस्त्याची धूळ फार," म्हणाली. इथे कुठे आली आहे धूळ?

भाची निघताना दोघी स्वयंपाकघरात दार लोटून बोलत होत्या. मी हॉलमध्ये होते. भाचीचा आवाज चढला, "मग सांग ना तिला!" आणि बारकी हळू आवाजात, "आठवडाभरात काय झालं ते बघितलंस ना तू? पुन्हा भिंतीकडे तोंड केलं की मी कुठून आणू तिला? लिंबं पिकू देत. उन्हाळा लागला की सगळं गच्चीवर नेऊ. तेवढं निघेल माझं."

मला वाटतं भाचीला बारकीला कायमचंच न्यायचं आहे आणि बारकीला ते माझ्या तोंडावर सांगवत नाही. मीही विषय काढला नाही. दोघी आपल्याला सोडून जातील ही भीती या वयात कुणाला सांगायची?

२७ फेब्रुवारी

खिडकीचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यातून फाटलेलं दिसलं. पट्ट्याही निघाल्या होत्या. हल्ली चिकटपट्टीसुद्धा चांगली मिळत नाही. दुहेरी लावून टाकलं.

भाची म्हणाली, "मोठी आत्या, झाडं हॉलमध्ये ठेवली तर?"

मी तोंड उघडण्याआधी बारकीच म्हणाली, "हॉलमध्ये ऊन कुठंय? गप बस तू."

भाची बाथरूममध्ये गेली ती डोळे लाल करून बाहेर आली. बँकेत त्रास असेल. हल्लीच्या मुलींना कामाचा फार ताण असतो.

११ मार्च

लिंबं सुपारीपेक्षा मोठी झाली आहेत. अंजिरालाही एक फळ दिसतं आहे.

बारकीचा खोकला परत आला आहे, आधीपेक्षा जास्त. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबते, श्वास घेते, मग पुढचं बोलते. नखं निळसर दिसली. म्हटलं, थंडीनं असेल, पण थंडी आता संपत आली आहे. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर म्हणते, "त्यांची औषधं घेते आहे ना."

मी पाचोळा खालीवर करत होते तर दारात उभी राहून बघत होती. आत आली नाही. म्हणाली, "ताई, आज तू गुणगुणत होतीस. शाळेतलं."

"मी? काहीतरीच."

"गुणगुणत होतीस," ती म्हणाली, आणि जाऊन कोचावर बसली.

२३ मार्च

सकाळी बारकी आंघोळीला गेली आणि बाहेर आली नाही. दार ढकललं. खाली बसली होती, बादलीला धरून, ओठ जांभळे. भाची आली, ॲम्ब्युलन्स आली. चार मजले खुर्चीवरून उतरवलं. लिफ्ट छोटी, त्यात खुर्ची मावेना.

हॉस्पिटलमध्ये ऑक्सिजन लावला आहे. मला काचेतून दाखवलं. तिनं हात वर केला, अंगठा आणि बोट जुळवून शून्य दाखवलं. शाळेत एखादीला शून्य मिळालं की ती असाच हात करायची. अशा वेळीही थट्टा.

२६ मार्च

आज मला नीट लिहायला हवं.

डॉक्टरांनी मला आणि भाचीला खोलीत बोलावलं. पडद्यावर छातीचा फोटो होता. निरोगी फुफ्फुस स्पंजासारखं असतं म्हणाले, हे जागोजागी चामड्यासारखं झालंय. असं रोज श्वासातून काहीतरी जात राहिल्यानं होतं. "मी मागे विचारलं होतं. पक्षी, ओल, बुरशी. मला तुमच्या घराबद्दल सगळं सांगा. त्या झोपतात त्या खोलीत काय काय आहे?"

मी सांगितलं. खरं म्हणजे कौतुकानंच सांगायला सुरुवात केली. लिंबू, अंजीर, डाळिंब. पाचोळ्याचं आच्छादन. वाफेचं मशीन. बुजवलेली खिडकी. पलंगाखालची बादली. पांढरी जाळी, आणि ती पसरावी म्हणून मी रोज सकाळी पाचोळा कशी उलटवते ते.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मोकळ्या बागेत त्या जाळीनं काही होत नाही. वारा असतो. बंद खोलीत ती पूड रात्रंदिवस त्यांच्या छातीत गेली. सगळ्यांना बाधत नाही. तुम्हाला नाही बाधली. त्यांना बाधली."

"आणि आता काढून टाकलं तर?"

"काढाच. आजच."

"म्हणजे बरी होईल?"

ते भाचीकडे बघत म्हणाले, "जानेवारीत काढलं असतं तर आशा होती."

मी म्हटलं, तिनं का नाही सांगितलं तुम्हाला की घरात झाडं आहेत? मीही नाही सांगितलं. आमच्या दोघींच्या डोक्यातच आलं नाही. झाड म्हणजे ओल, असं कुणाच्या डोक्यात येतं?

भाची उठून खोलीबाहेर गेली.

२७ मार्च

तोंडाला कापड बांधून भाचीनं आणि मी सगळं उतरवलं. पाचोळा पोत्यांत घट्ट बांधला. बादली तिनं मला उघडू दिली नाही. अंजीर आणि डाळिंब मुळांसकट उपटताना आवाज झाला, कापड फाटल्यासारखा. लिंबाला हात लावायच्या आधी मी थोडा वेळ बसले. त्यावर सात फळं होती. भाची म्हणाली, "राहू दे, मी करते." मी म्हटलं, "नाही. मी आणलं."

जोडाच्या गाठीपाशी मोडलं. वरचं एकीकडे, खुंट एकीकडे.

खिडकीचं प्लॅस्टिक ओढून काढलं. मागच्या वेळी फाटलेला कोपरा पाहिला. आपोआप फाटला नव्हता, ब्लेडनं कापावा तसा सरळ होता. चिकटपट्टी कापताना माझ्याच हातून झालं असेल.

भिंती, फरशी, पलंग, सगळं धुतलं. गादी टाकून दिली.

२९ मार्च

ठरवलं आहे, की बारकीला हे कळू द्यायचं नाही. डॉक्टरांना सांगितलं, भाचीलाही शपथ घातली. तिचं व्हायचं ते होईल, पण माझ्या बहिणीनं, माझ्या ताईनं हे केलं, असं मनात घेऊन तिनं जायचं नाही. एवढं एक माझ्या हातात आहे.

भाची म्हणाली, "तुम्ही दोघी..." आणि तोंड फिरवलं.

२ एप्रिल

बारकीला आता नाकातून नळी आहे. थोडं बोलता येतं.

"झाडं?"

"छान आहेत," मी म्हटलं.

"लिंबं?"

"पिवळी होत आली."

"पाचोळा हलवतेस ना रोज?"

"हलवते तर."

तिनं माझा हात धरला. बराच वेळ धरून होती. "छान," म्हणाली. "सोडू नकोस हं. सकाळी उठायचं, आणि हलवायचं."

मी हो म्हटलं. बाहेर येऊन जिन्यात बसले.

५ एप्रिल

"एक लिंबू आणून दाखव," म्हणाली.

कोपऱ्यावरच्या दुकानात गेले. सगळी एकसारखी गुळगुळीत, चकचकीत. त्यातल्या त्यात खरबरीत, वाकडं निवडलं. घरी देठाला एक पान दोऱ्यानं बांधावं असं मनात आलं, पण पान कुठून आणणार?

तिनं हातात घेतलं. फिरवून फिरवून पाहिलं. देठाची जागा अंगठ्यानं चाचपली. तिथे छोटा चिकट डाग होता, दुकानातला कागद लावतात त्याचा.  तिनं अंगठा तिथेच ठेवला.

नाकाशी नेलं. नळीमुळे वास आला की नाही कोण जाणे.

"आपलंच," म्हणाली. "मी लग्न लावलं होतं, मला नाही ओळखू येणार?"

भाची खिडकीशी पाठमोरी उभी होती. खांदे हलत होते.

१० एप्रिल

आज सकाळी बारकी गेली. मी आणि भाची जवळ होतो. शेवटचं बोलणं कालचं. "ताई, उठतेस ना वेळेवर?" उठते म्हटलं.

२४ एप्रिल

भाचीनं काही दिवस इथेच मुक्काम टाकला आहे. आज दोघींनी बारकीचं कपाट आवरलं. साड्या, चष्म्याची दोन घरं, खडूच्या पेट्या. कुणाला द्यायचं, काय ठेवायचं, याच्यावर जरा वादही झाला. बऱ्याच दिवसांनी माझा आवाज चढला.

मग खोलीतच फरशीवर बसून चहा घेतला. खिडकी सताड उघडी होती. वारा यायचा आणि कागद उडायचे. तिला या खोलीत एवढा वारा मिळाला असता तर, असं मनात आलं, ते मी तिथेच दाबलं. असं दिवसातून किती वेळा दाबते ते मलाच माहीत. पण उठते. रोज सकाळी वेळेवर उठते.

भाची एकटक माझ्याकडे बघत होती. म्हणाली, "मोठी आत्या, तुला एक विचारू?" आणि मग थांबली.

मला वाटलं तिला माझी काळजी वाटते आहे, म्हणून मीच बोलले. म्हटलं, "एवढं एक समाधान आहे बघ. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही. कळलं असतं तर ती बोलल्याशिवाय राहिलीच नसती. लहानपणापासून तशीच. पोटात म्हणून काही ठेवायची नाही."

भाचीनं कप खाली ठेवला. माझा हात आपल्या हातात घेतला, आणि म्हणाली,

"हो, आत्या. नाहीच ठेवायची."